वासाचा रकाना

निळ्या फाइलमध्ये ह्यांच्या नाकाची सोळा महिन्यांची नोंद आहे. हे म्हणजे माझे पती. दर महिन्याला एक कागद, तारीखवार, डाव्या बाजूला पंच केलेला. कागद मी तयार केले, मी वाटले, मी गोळा केले आणि मीच फाइलला लावले. वाचले मात्र नाहीत. नोंदी ठेवणाऱ्या माणसाला ही एक खोड असते. कागद जागेवर गेला की काम झालं असं वाटतं.

मी एका संशोधन संस्थेच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. बाटलीवर लेबल नसेल तर ती बाटली माझ्या लेखी नसतेच. घरीही तसंच. लखनौमधल्या विकास नगरच्या आमच्या घरात फ्रिजवर वाणसामानाची यादी, कपाटाच्या आत औषधांची यादी, आणि पुढच्या दाराच्या मागे बाहेर पडताना काय काय बंद करायचं त्याची यादी. त्या यादीत पहिली ओळ 'गॅस' अशी आहे. आम्ही या घरात आलो त्या वर्षी ह्यांनी त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गरज नाही. मी आहे.'

त्यात बढाई नव्हती. हे हवाई दलात इंजिन फिटर होते. शेवटची काही वर्षं शहराबाहेरच्या बख्शी का तालाबच्या हवाई तळावर, म्हणजे बीकेटीला, काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. हँगरच्या दारात उभं राहून कुठल्या विमानाखाली कुठलं तेल ठिबकतंय हे सांगायचे, असं त्यांच्याबरोबरची माणसं सांगत. मी ते पाहिलेलं नाही. घरातलं पाहिलंय. दूध उद्या नासणार हे आज कळायचं. एकदा अंगणात झाडांना पाणी घालता घालता नळी टाकून दिली आणि शेजारच्या घराची बेल वाजवली. "भाभीजी, सिलिंडर बंद कीजिए. वॉशर गया है." शेजारीण स्वतः सिलिंडरशेजारी बसून मटार सोलत होती. तिला पत्ता नव्हता.

असं नाक असलेल्या माणसाला बिअरच्या चाचणीला बोलावलं, यात नवल नाही. बोलावलं आमच्या मागच्या गल्लीतल्या प्रोफेसरसाहेबांनी. ते रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने रिंग रोडच्या पलीकडे ब्रुअरी काढली होती, मागे बिअर बनवायची आणि पुढे बसून प्यायची जागा. चाळिशीचा, मृदू बोलणारा, पक्का लखनवी माणूस. त्याला दर महिन्याला आपली बिअर कुणीतरी नीट तपासून सांगायला हवी होती. ओळखीचे लोक चकटफू पितात आणि 'वाह' म्हणून निघून जातात, त्याचा काही उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं.

मला बिअर आवडत नाही. मी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं.

"तब तो आप सबसे ईमानदार जज हुईं, भाभीजी," ब्रुअर म्हणाला.

असे आम्ही तिघं. महिन्याचा पहिला शनिवार, सकाळी अकरा, कारण त्या वेळी जीभ ताजी असते. नियम मी लिहून काढले. सकाळपासून चहा नाही, डोक्याला तेल नाही, पावडर नाही. निघण्याआधी घरात उदबत्ती नाही. ह्यांनी त्यात एकच नियम घातला. सगळ्यांनी पेन्सिली खाली ठेवेपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि मग सगळ्यात ज्युनिअरने आधी वाचायचं.

"आमच्याकडे इंजिनातला फॉल्ट सांगताना असंच असतं," ते म्हणाले. "सीनिअर आधी बोलला की बाकीच्यांना तोच फॉल्ट दिसायला लागतो."

बिअरमधलं मला काहीच कळत नसल्याने मी ज्युनिअर. मग प्रोफेसर. सगळ्यात शेवटी हे.

जी बिअर तपासायची तिला इंडिया पेल एल म्हणतात. आपल्या नेहमीच्या बिअरपेक्षा ही कडू, आणि वासाला चौपट. दोन्ही गोष्टी हॉप्स नावाच्या एका वेलीच्या फुलांतून येतात. फुलं हिरवट, लहानशा बंद कळीसारखी, चुरली की बोटांना चिकट लागतात. उकळताना घातली की कडूपणा उतरतो. वास मात्र उकळताना उडून जातो. म्हणून बिअर तयार होत आली की थंड टाकीत पुन्हा एकदा फुलं घालतात, ती फक्त वासासाठी. ब्रुअरने हे मला समजावलं तेव्हा मी दोन रकाने आखून घेतले, कडू आणि वास. कडू जिभेचं काम, वास नाकाचं. हे दोन रकाने वेगळे ठेवले हे एकच काम मी या सगळ्यात बरोबर केलं.

ग्लास खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता. त्यात चार बोटं बिअर, वर बशी झाकलेली. आधी उजेडात धरून रंग बघायचा, फेस किती वेळ टिकतो ते बघायचं. मग बशी बाजूला करून ग्लास एकदा फिरवायचा आणि आखूड हुंगायचं, लांब श्वास घ्यायचा नाही. मग एक घोट, तो तोंडभर फिरवायचा. कडूपणा कुठे लागतो, किती वेळ राहतो ते लिहायचं. मध्ये पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा. आपल्या अंगाचा वास नाकाला पाटी पुसल्यासारखा असतो, असं ब्रुअर म्हणाला.

ह्यांचा पहिला कागद आत्ता माझ्यासमोर आहे. वासाच्या रकान्यात लिहिलंय, 'कैरीचा देठ मोडल्यावर उडतो तो चीक. खाली संत्र्याची साल. त्याच्याही खाली नवी लाकडी पेटी उघडल्यासारखं.' अक्षर मोठं, मोकळं, रकान्याच्या रेघेबाहेर गेलेलं. मराठीत लिहिलेलं म्हणून मी ब्रुअरला हिंदीत सांगितलं. त्याने स्वतःचा ग्लास उचलून पुन्हा हुंगला आणि म्हणाला, "सर, मैंने बनाई है और मुझे ही नहीं दिखा था."

प्रोफेसरांनी त्याच दिवशी लिहिलं होतं 'अच्छी है, ताज़ी है'. मी लिहिलं होतं 'फळासारखा'. असल्या शब्दांनी काही कळत नाही आणि दोन महिन्यांची तुलनाही होत नाही. म्हणून दुसऱ्या महिन्यापासून मी छापील कागद केला. वासाच्या रकान्यात चोवीस शब्द, प्रत्येकापुढे चौकट. आंबा, संत्र्याची साल, लिंबू, देवदार, ताजं गवत, राळ, मिरी, भिजलेला पाव, असे. येत असेल त्यावर टिक करायची. खाली शेऱ्यासाठी एक ओळ आणि सही.

"अगं, वासाची काय हजेरी घ्यायची असते का?" हे म्हणाले.

"घ्यायची. नाहीतर त्या बिचाऱ्याला काय समजणार?"

"आणि तुझ्या चोवीसात नसलेला पंचविसावा वास आला तर?"

"त्याला पुढच्या महिन्यात यायला सांगा."

ते हसले आणि चौकटींत टिका मारू लागले. काही महिन्यांत त्यांच्या टिका इतक्या नीट झाल्या की मी मनात खूश होते. आंबा, संत्र्याची साल, देवदार, राळ. दर महिन्याला तेच चार, कधी त्यात लिंबू. मला वाटलं, शिस्त लागली.

आता मागे वळून बघताना बाकीच्या गोष्टीही एका रांगेत दिसतात. तेव्हा त्या सुट्या होत्या आणि प्रत्येकीला कारण होतं. उन्हाळ्यात दिवाणाखाली आंब्यांची पेटी ठेवली होती. मी बाजारातून आले तर जिन्यातच सडल्याचा वास. हे त्याच दिवाणावर बसून पेपर वाचत होते. "सर्दी आहे," म्हणाले. मी औषधांच्या यादीत सर्दीची गोळी वाढवली. जेवताना ह्यांना मिरचीचं लोणचं जास्त लागायला लागलं. मी लोणच्याची बरणी मोठी घेतली. झोपेत हे हात झाडायचे, कुणाला तरी ढकलल्यासारखे, एकदा माझ्या खांद्याला लागलं. मी दुसऱ्या खोलीत पलंग लावून घेतला. हे म्हणाले, "स्वप्नात मी रोज जिंकतो, तुला बघायला मिळत नाही." आम्ही दोघंही हसलो. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर इलाज होता. एवढे इलाज एकाच माणसासाठी का लागतात, हे काही मी कुठल्या यादीत लिहिलं नाही.

चाचणीच्या वेळी हे बाही फार वेळ नाकाशी धरून बसायचे. तेही मी पाहिलं होतं.

कडूच्या रकान्यात मात्र चूक नव्हती. कुठल्या बॅचला कडूपणा जरासा चढला हे ह्यांनी दर वेळी बरोबर सांगितलं. म्हणूनच कुणाला शंका आली नाही. म्हणजे मला आली नाही.

पंधराव्या शनिवारी टेबलावर प्रत्येकासमोर दोन ग्लास होते. एकाखाली खडूने त्रिकोण काढलेला, दुसऱ्याखाली चौकोन. रंग सारखाच, फेस सारखाच. ब्रुअर म्हणाला, "आज ज़रा दो हैं. बस, जो लगे लिख दीजिए." नेहमी तो आमच्यासमोर बसायचा. त्या दिवशी तो ह्यांच्या मागे, खिडकीजवळ उभा राहिला.

मी त्रिकोणावरची बशी काढली. हुंगलं. काही नाही. पुन्हा फिरवून हुंगलं. रात्रभर पाण्यात पडलेल्या पावाचा हलका वास, बस. घोट घेतला तर कडू व्यवस्थित. चौकोनाची बशी काढली आणि हात ग्लासला लागायच्या आधीच संत्र्याची साल आली. यात तपासण्यासारखं काहीच नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही फरक सांगता आला असता.

पेन्सिली खाली ठेवल्या. मी वाचलं. त्रिकोणाला भिजलेला पाव, बाकी काही नाही. चौकोनाला संत्र्याची साल, आंबा.

प्रोफेसर म्हणाले, "त्रिकोण तो गूँगा है, भाई. मुँह ही नहीं खोलता. चौकोन ख़ूब बोल रहा है."

मग हे. त्यांनी कागदाकडे पाहिलं. थोडा जास्तच वेळ पाहिलं.

"हाँ," ते म्हणाले. "त्रिकोण गूँगा. सही है."

"सर ने भी पकड़ लिया," ब्रुअर मागून म्हणाला. "बिल्कुल सही. उसमें मैंने ठंडे वाले हॉप्स डाले ही नहीं थे."

मी कागद गोळा केले. माझा, प्रोफेसरांचा, ह्यांचा. ह्यांच्या कागदावर त्रिकोणाखाली चार टिका होत्या. आंबा, संत्र्याची साल, देवदार, राळ. चौकोनाखाली त्याच चार.

मी कागद उलटा करून फाइलमध्ये घातला. ह्यांच्याकडे पाहिलं नाही. हे मुरमुरे खात होते.

बाहेर पडताना हे गाडी काढायला पुढे गेले आणि ब्रुअर दाराशी माझ्याजवळ आला. हात बांधून उभा राहिला.

"भाभीजी, बुरा मत मानिएगा. यह मैंने जान-बूझकर किया."

"कबसे लग रहा था आपको?"

"तीन महीने से. एक बैच में मुझसे पुराने हॉप्स पड़ गए थे. पनीर जैसी बू थी, बासी. आप लोगों के आने से पहले मैंने हटा दी, मगर सर जल्दी आ गए थे, एक गिलास चख लिया. बोले, वाह, आज तो आम ही आम है." तो थांबला. "मैंने सोचा मज़ाक कर रहे हैं."

"तो कहा क्यों नहीं?"

"सर हैं, भाभीजी. कैसे कहता?"

आत टेबलाशीही त्याने ह्यांची लाज राखली होती, आणि वर शाबासकी दिली होती. इथे याला चांगल्या घरचं वागणं मानतात. मला त्या क्षणी त्याचा राग आला, आणि मग आठवलं, कागद तर माझ्याकडे होते.

येताना ह्यांनी पेट्रोल भरायला गाडी थांबवली. काचा खाली होत्या. पाइप टाकीत गेला आणि तो दरवळ आत आला, अगदी डोळ्यांत चुरचुरण्याइतका. या वासावर ह्यांचं प्रेम होतं. लग्नानंतर पहिल्या पोस्टिंगवर मी ह्यांचे कामाचे कपडे धुताना तक्रार करायचे तेव्हा म्हणायचे, "याला वास नको म्हणू, हा आपला पगार आहे." आता ते समोरच्या होर्डिंगकडे बघत होते. मग ह्यांनी विचारलं, "गप्प का?"

"डोकं दुखतंय."

"उपाशीपोटी बिअर पितेस, दुखणारच."

रविवारी मी अमीनाबादच्या बाजारात गेले. तसं काही अडलं नव्हतं, घरातल्या डब्या चालल्या असत्या. पण घरातली हळदीची डबी ह्यांना हाताला कळते, हिंगाची खुळखुळते. मला सगळ्या सारख्या हव्या होत्या. एका मापाच्या सात स्टीलच्या डब्या घेतल्या. घरी येऊन प्रत्येकीत कापसाचा बोळा घातला. पहिलीत हिंगाचं पाणी, दुसरीत कापूर कुटून, तिसरीत कॉफी, चौथीत मोहरीचं तेल, पाचवीत लवंगेचं तेल, सहावीत फिनेल. सातवीत नुसता कापूस. तळाला आकडे चिकटवले.

"व्हायवा?" ह्यांनी विचारलं.

"हो. डोळे मिटा."

"पास झालो तर काय?"

"आधी पास व्हा."

ह्यांनी रेल्वेत झोपताना डोळ्यांवर बांधायचा काळा पट्टा बांधला आणि जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर. मी पहिली डबी उघडून नाकाखाली धरली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते तरी मला शिंक आली असती.

"पाणी?" ते म्हणाले.

दुसरी. "डांबराची गोळी. नाही, थंड लागतंय. कापूर." हे बरोबर होतं. मागाहून डॉक्टरांनी सांगितलं, कापराचा गारवा नाकाच्या कातडीला कळतो, त्याला वास यावा लागत नाही.

तिसरी. "पुढची दे."

चौथी. "पुढची."

पाचवी. बराच वेळ. "सांगतो. थांब. सांगतो." मग, "पुढची."

सहावी फिनेलची. ह्यांनी मान थोडी पुढे केली, माझ्या हाताला त्यांचं नाक लागलं. "हे काहीतरी गोड आहे."

सातवी रिकामी. मी ती उघडून धरली. हे हसले, सुटल्यासारखे.

"लवंग," म्हणाले. "ही लवंग. पक्की."

मी झाकण लावलं. पट्टा त्यांनी स्वतःच काढला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग डब्या एकेक उलट्या करून आकडे बघितले, एकेकीत बोट घालून कापूस दाबला. सातवीत घातलेलं बोट कोरडं निघालं. ते बोट त्यांनी शर्टाला पुसलं तरीही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या हिवाळ्यात कँटीनला गेलो होतो ना, बीकेटीला. हँगरच्या बाजूने चालत आलो. विमानांच्या केरोसीनचा वास नाही. म्हटलं, आज उड्डाण बंद दिसतंय." त्यांनी बोट वर केलं. "तेवढ्यात डोक्यावरून गेलं एक."

"मला का सांगितलं नाही?"

"वाटलं, येईल परत. आणि बिअरचं काय, तू यादी दिलीच होतीस. या बिअरला काय वास असतो ते मला माहीत आहे. ते त्यात छापलेलं होतंच."

कोरा कागद असता तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळलं असतं. कोऱ्या कागदावर कैरीचा चीक येतो नाहीतर काहीच येत नाही. चोवीस चौकटी मी आखून दिल्या होत्या. हे त्यांच्या आड आरामात बसले होते.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात मिळाली. त्यांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं. नाक स्वच्छ, सूज नाही, गाठ नाही. मी मनात एक ओळ खोडली. पण डॉक्टरांनी खुर्ची मागे घेतली आणि ह्यांना सोडून मला प्रश्न विचारायला सुरुवात केली, ते मला आवडलं नाही.

वास कधीपासून? मी महिन्यासकट सांगितलं.

झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात? मी म्हटलं, हो, मी खोली बदलली आहे.

हस्ताक्षर बदललंय? बारीक झालंय?

"नाही," मी म्हटलं. "मुळीच नाही. माझ्याकडे दर महिन्याचे कागद आहेत."

"कैसे कागज़?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ते सगळे कागद मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, मंगळवारी अकराला, मी फोन करतो. आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही. पार्किन्सन्स का, असं मीच विचारलं. ते म्हणाले, "अभी कुछ नहीं कह सकते," आणि हे पहिल्यांदाच बोलले, "डॉक्टर साहब, मेरे हाथ देखिए. हिलते हैं क्या?" दोन्ही हात पुढे केले. हात हलत नव्हते. डॉक्टरांनी ते हात धरले, मनगटं हळूहळू वाकवली, उजवं दोनदा.

घरी येऊन मी फाइल उघडली. ह्यांना अंघोळीला पाठवलं होतं. टेबलावर सोळा कागद ओळीने मांडले. सोळावा त्याच आठवड्यातला होता. प्रोफेसरांना जमणार नव्हतं, म्हणून ब्रुअरने घरीच बाटल्या पाठवल्या होत्या, आणि ह्यांनी हट्टाने कागद भरला होता.

टिकांवरून अक्षर कळत नाही, आणि मी आजवर बघत आले होते त्या टिकाच. म्हणून मी डॉक्टरांना ठाम 'नाही' म्हटलं होतं. पण खाली शेऱ्याची ओळ होती. दुसऱ्या महिन्यापासून ह्यांनी तिथे दर वेळी एकच वाक्य लिहिलं होतं. 'ठीक है. अगली बैच का इंतज़ार.' पंधरा वेळा तेच वाक्य, तीच पेन्सिल, माझ्या आखलेल्या तेवढ्याच ओळीवर.

दुसऱ्या कागदावर ते वाक्य ओळीच्या शेवटाला भिडलं होतं. सहाव्यावर शेवटी बोटभर जागा उरली होती. दहाव्यावर चार बोटं. सोळाव्यावर वाक्य अर्ध्या ओळीत संपलं होतं, आणि 'इंतज़ार' हा शब्द वाचायला मला चष्मा डोक्यावरून खाली घ्यावा लागला.

"काय मांडलंयस, पत्ते?" हे टॉवेल खांद्यावर टाकून मागे उभे होते.

ते टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, वाकून, जसे पूर्वी विमानाखालून जात असतील तसे. मग परत आले.

"हे डॉक्टरला द्यायचं नाही."

"देणार."

"अक्षर माझं आहे."

"कागद माझे आहेत."

"ते मला तिथून काढून टाकतील," ते म्हणाले. मला कळेना, कुठून. "शनिवारातून. एवढं एकच ठिकाण उरलंय, जिथे मला विचारायला बोलावतात."

मग बसले. बराच वेळ टॉवेलची किनार नीट करत राहिले. शेवटी म्हणाले, "कोरा कागद दे. तुझा छापील नको. आणि ती बाटली उरली आहे ना, ती उघड."

उन्हं टेबलावर आली होती. मी दोन ग्लास काढले, बशा झाकल्या. आम्ही दोघांनी नियमाप्रमाणे सगळं केलं, रंग, फेस, आखूड हुंगणं, एक घोट. ह्यांनी लिहायला घेतलं. मीही लिहिलं. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"वाच. ज्युनिअर आधी."

मी वाचलं. संत्र्याची साल. आणि मग, खरंच आला होता म्हणून, "कैरीचा देठ मोडल्यावर उडतो तो चीक."

"चोरलंस," ते म्हणाले.

"आज आला मला. पहिल्यांदा."

त्यांनी मान हलवली आणि स्वतःचा कागद उचलला. "कडू, नेहमीइतकी. घोट गिळल्यावर जिभेच्या मागे राहते, चांगली राहते. वास, काही नाही." कागद माझ्याकडे सरकवला. पहिली ओळ मोठी होती. 'काही नाही' मुंग्यांएवढं होतं. पंच त्यांनीच शोधला, कागद त्यांनीच लावला, सगळ्यात वर.

मंगळवारी दहाला निघालो. फाइल माझ्या पिशवीत, पाण्याची बाटली, जुने रिपोर्ट, ह्यांचा चष्मा. दाराच्या मागच्या यादीसमोर मी नेहमीसारखी उभी राहिले नाही, कारण उशीर होत होता. चप्पल घालून बाहेर आले तर हे अजून आतच होते, यादीसमोर.

"अगं," त्यांनी आतून विचारलं, "गॅस बघितलास?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, हा प्रश्न ह्यांनी मला कधी विचारला नव्हता. मी गॅस बंद केला होता, सकाळी, रेग्युलेटरसकट. तरी चप्पल काढून आत गेले आणि पुन्हा बघून आले.